या वर्षी आपल्या रेडिओवर ऐकलेलं तुमचं आवडतं गाणं कुठलं? आठवण असेल तर तीपण लिहा

बावडेकरीण

परवा रविवारी संध्याकाळी आपल्या भागातल्या कम्युनिटी रेडिओवर 'वर्षभरातलं आवडतं' लावलं होतं, ऐकलं का कुणी? लोकांनी फोन करून आणि व्हॉइस मेसेज टाकून कळवलेली गाणी. मी ब्लाऊजला हुक लावत बसलेली, म्हटलं सिनेमाचीच असणार सगळी. पण सिनेमातली मोजून चार आणि बाकी सगळं इथलंच, आपल्या आसपासच्या गावातलं, त्यांनीच फिरून रेकॉर्ड केलेलं.

सगळ्यात जास्त लोकांनी मागितली ती एका आजीची जात्यावरची ओवी. तिच्या घरात जाऊनच रेकॉर्ड केलीय. मागं कोंबडी ओरडतीय, जात्याची घरघर आहे, मधेच कुणीतरी "आये, चहा" म्हणतंय आणि आजी तशीच पुढं म्हणत राहते.

पंचगंगा गं भरली, पाणी पायरी चढतं
माझं माहेर गं बाई, नावंत बसून येतं

हे ऐकलं आणि सुई तशीच हातात राहिली. माझं माहेर प्रयाग चिखली. आमचे आण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीला आई स्वतः उपास करायची आणि संध्याकाळी पखवाजाला लावायला कणीक मळून द्यायची, घट्ट नको सैल नको, आण्णा बोटानं दाबून बघायचे मग डाव्या पुडीला लावायचे आणि एक थाप मारायचे. त्या थापेचा घुमारा आमच्या न्हाणीघरापर्यंत यायचा. १९९६ ला मामानं देवळात टेपरेकॉर्डर नेऊन सगळं भजन एका ६० च्या कॅसेटवर भरलं. आण्णा १९९९ ला गेले. २०१९ च्या पुरात घर पाण्यात होतं, सगळ्यांना बोटीतनं काढलं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर चिखलात ती कॅसेट. टाकवली नाही आणि साफ करायचा धीर पण झाला नाही, पिशवीला गाठ मारून ठेवलीय तशीच.

रविवारी ओवी संपल्यावर ती पिशवी काढून मांडीवर घेऊन बसले. गाठ सोडली नाही.

तुमचं सांगा. कुठलं गाणं, कुणाचं, का आवडलं.

दूधकट्टा

मी ऐकलं की सगळं. आमच्या तालमीतल्या सगळ्यांचं मत हलगीला होतं, दुसऱ्या नंबरला आली. ती हलगी घुमकं (घुमणारा ढोल) कैताळवाली (झांजा), खासबाग मैदानात कुस्ती लागल्यावर वाजते तसली. रेडिओवर कुस्ती दिसत नाही पण हलगीचा ठेका वाढला की कळतंय आता पकड बसली. आमचे आजोबा सांगायचे १९१२ ला मैदान झालं शाहू महाराजांच्या हस्ते, तेव्हापासनं आमच्या घरातलं कोण ना कोण मैदानात असतंयच, कुस्तीला नायतर वाजवायला. नाद खुळा रेकॉर्डिंग

पंचगंगाकाठ

ताई तुमचं वाचून परत पाणी आलं डोळ्यात. मी पोळ्या लाटत होतो तेव्हा ओवी लागली, तवा खाली ठेवला आणि बाहेर येऊन बसलो. आमची आत्या अशीच म्हणायची दळताना, तिची एक पण ओवी कुणी लिहून ठेवली नाही. ती गेली आणि जातं अंगणात कुंडीखाली आहे आता

सिंहगड रोड

पंचगंगाकाठ दादा, घरी पोळ्या तुम्ही करता? भारी वाटलं वाचून.

पंचगंगाकाठ

अहो दादा नाही ताई हाय मी :) आमच्याकडं बायका पण आलो गेलो बसलो असंच म्हणतात. कोल्हापूरला या एकदा, सासू पण "मी आलो गं" म्हणूनच दारात उभी राहती

सिंहगड रोड

माफ करा ताई! हे माहीतच नव्हतं, किती गोड आहे.

दूधकट्टा

पुण्याच्या ताई येताना कळवा, मिसळ आमच्याकडं

उचगावचा

बावडेकरीण ताई, आधी कॅसेटचं बोलतो, गाण्याचं नंतर. माझं टेप डेक दुरुस्तीचं काम होतं वीस वर्षं.

ती कॅसेट कुठल्याही टेपमध्ये घालून बघू नका, अजिबात. मातीचा कण हेडला घासणार आणि पट्टी गुंडाळणार, मग संपलं. उन्हात नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको. आतली पट्टी पॉलिस्टरची असते, नुसत्या पाण्यानं ती लगेच मरत नाही, मरते ती चिखलानं, बुरशीनं आणि घाईनं. डबीला पाच स्क्रू असतील तर सरळ उघडते, चिकटवलेली असेल तर कडेनं ब्लेड घालून सोडवायची. दोन्ही चकत्या पट्टीसकट बाहेर काढायच्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हातानं धुवायच्या, नळाचं पाणी नको क्षार बसतात, मग सावलीत वाळू द्यायच्या आणि दुसऱ्या चांगल्या डबीत बसवायच्या. मग एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर भरून घ्यायची. ६० ची आहे हे चांगलं आहे, ९० ची पट्टी पातळ असते, ओढली की लांबते. तुमची सहा वर्षांपेक्षा जास्त बंद पिशवीत आहे म्हणजे बुरशी असणार, तोंडाला फडकं बांधून उघडा. सगळं गाणं येईल असं म्हणत नाही पण काही ना काही येतंय, माझ्या हातनं पुराच्या दोन निघाल्यात.

बावडेकरीण

दादा स्क्रू आहेत. पिशवीवरनं हातानं चाचपले, कडेला लागतात. बाकी नंतर लिहिते, पोरगं क्लासवरनं यायचंय.

गडहिंग्लजकर

हे सगळं वाचायला छान पण आमच्याकडं लागतच नाही हो ते स्टेशन. मोठी एफएम पण धड लागत नाहीत. अॅप वगैरे काय आहे का

टेंबलाई उतार

मी तिथं शनिवार रविवार जाते मदतीला (पगार नाही, आवड), म्हणून सांगते. कम्युनिटी रेडिओला १०० वॉटचीच परवानगी असते आणि टॉवर पण ३० मीटरपर्यंतच, त्यामुळं साधारण दहा बारा किलोमीटर. एफएमला मधे डोंगर आला की संपलं, गडहिंग्लजपर्यंत नाहीच पोचत. पण उंचावर गेलात तर लागतं, जोतिबाच्या डोंगरावरनं एकांनी फोन केलेला इथं खणखणीत येतंय म्हणून. मोबाईलवर ऐकत असाल तर हेडफोनची वायर लावा, तीच एरियल असते.

आणि इथलीच गाणी जास्त का तेपण सांगते. एकतर निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पाहिजे असा नियम आहे. दुसरं, सिनेमाचं गाणं वाजवायचं तर हक्काचे पैसे भरायला लागतात. पण खरं कारण हे नाही. खरं कारण म्हणजे आम्ही फोन घेऊन गावात गेलो की लोक आधी लाजतात, मग एक म्हणते, मग शेजारची म्हणते आणि मग चार तास उठूच देत नाहीत. ओवीच्या आजींना आम्ही यादीचा निकाल सांगायला गेलो तर म्हणाल्या "मग अजून दोन सांगू काय?" त्या दोन पुढच्या महिन्यात लावणार आहोत.

पंचगंगाकाठ

लावायच्या आधी सांगा हं कधी ते

मिरज जंक्शन

थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितोय, राग मानू नका. ज्या गावात गाण्याचा देवल क्लब १८८३ पासून आहे, शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना जिथं दरबारात आणलं, त्या गावाच्या यादीत ख्यालाचं, म्हणजे शास्त्रीय गाण्याचं, एकच रेकॉर्डिंग आणि तेपण शेवटून तिसरं? माझे सासरे सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढायचे, म्हणजे तारेचा झंकार जुळवायचे, ब्रिजवर दोरा ठेवून तासन् तास बसायचे, एक तार बरोबर बोलायला लागली की हात जोडायचे. मिरजेच्या सतार तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले आम्ही. ते रेकॉर्डिंग ज्या बाईंचं आहे त्यांचा षड्ज (सा) ऐका, तंबोऱ्यात मिसळून जातो, कुठं तार संपते आणि गळा सुरू होतो कळत नाही.

टेंबलाई उतार

दादा ते पहाटे साडेपाचला लावतो म्हणून कमी लोकांनी ऐकलं असणार. माझं स्वतःचं मत त्यालाच होतं.

दूधकट्टा

साडेपाचला आम्ही तालमीत जोर मारत असतोय, तिथं लावा की रेडिओ, पोरं ऐकतील. खरंच बोलतोय, वस्तादांना विचारतो

मिरज जंक्शन

दूधकट्टा, हे झालं तर मी स्वतः येऊन तंबोरा वाजवतो तुमच्या तालमीत.

जुना प्रेक्षक

माझं मत नाट्यगीताला. गाणं साधंच, एका निवृत्त मास्तरांनी पेटीवर म्हटलेलं, वय झाल्यामुळं ताना तुटत होत्या. पण मी ऐकलं आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवली. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं आणि आम्ही रस्त्यावर उभे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. १९१५ चं थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं, मी सहावीत असताना वडलांच्या मांडीवर बसून तिथं पहिलं संगीत नाटक बघितलं, अर्ध्यात झोपलो आणि जागा झालो तो ऑर्गनच्या आवाजानं. त्या रात्री माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, ते काही बोलत नव्हते, नुसते एक पद गुणगुणत होते, ज्वाळांकडं बघत. मास्तरांचं गाणं तेच होतं. म्हणून मत दिलं, दुसरं काही नाही.

उचगावचा

मी पण होतो त्या रात्री तिथं. धूर आमच्यापर्यंत येत होता.

साखरपट्टा

आमच्याकडं सीझन चालू आहे त्यामुळं दिवसभर ऊसाच्या ट्रॅक्टरवरचा डेक, रात्री बारा वाजता पण काचा हलतात, झोप नाही. म्हणून रेडिओ लावतो कानाशी. यावेळी त्यांनी तोडणी कामगारांच्या फडावर जाऊन बायकांची गाणी घेतली होती, बीडकडच्या होत्या. पहाटे थंडीत मोळ्या बांधता बांधता म्हणत होत्या, एक ओळ एकीनं उचलायची, पुढची दुसरीनं. मी अठरा वर्षं ऊस घालतोय कारखान्याला, फडावर रोज जातो, आणि हे गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ते चालू असणार, मी थांबलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्या फडावर गेलो तर मुकादमाला म्हटलं आज चहा माझ्याकडनं, आणि बांधावर बसलो. पहिल्यांदा गप्प झाल्या सगळ्या. तिसऱ्या दिवशी म्हणायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीची मुलगी सहा वर्षांची आहे, तिला सगळी पाठ आहेत.

पंचगंगाकाठ

साखरपट्टा दादा ती पोरगी शाळेत जाती का इथं?

साखरपट्टा

जाते आता. आमच्या गल्लीतल्या मॅडमनी नाव घातलं, सीझन संपेपर्यंत तरी.

पट्टणकोडोली

धनगरी ओवी कुणीच लिहिली नाही अजून? आमच्या विठ्ठल बिरदेवाच्या जत्रंतलं ढोल कैताळाचं रेकॉर्डिंग होतं की यादीत. भंडारा उधळला की हवा पिवळी होती आणि ढोलाचा आवाज पायातनं वर चढतो. रेडिओवर पायातनं येत नाही खरं पण ढोल सुरू झाला तसं आमच्या वडलांनी बसल्या जागी पाय हलवला. लकवा होऊन दोन वर्षं झाली त्यांना. डाव्या पायाचं बोट हललं, मी बघितलं. रोज लावतोय आता मोबाईलवर भरून.

बावडेकरीण

पट्टणकोडोली भाऊ, किती बरं वाटलं वाचून. लावत राहा.

गडहिंग्लजकर

वडलांना नमस्कार सांगा

पट्टणकोडोली

सांगितला. मान हलवली त्यांनी.

टेंबलाई उतार

बावडेकरीण ताई, उचगावच्या दादांशी बोलले मी. स्टेशनवर एक चांगला डेक आहे, कॉम्प्युटरला जोडलेला. दादा रिकामी डबी आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन येतील. तुम्ही फक्त पिशवी घेऊन या, उघडायची पण तिथंच, सगळे मिळून. जेवढं येईल तेवढं तुमचं, रेडिओवर लावायचं का नाही तेपण तुम्हीच ठरवायचं.

बावडेकरीण

आईला विचारलं फोनवर. ती आता भावाकडं असते. आधी गप्प बसली बराच वेळ. मग म्हणाली रविवारी एकादशी आहे का बघ. नाही म्हटलं तर म्हणाली मग मी पण येते, कणीक घेऊन येते. मी म्हटलं आई कॅसेटला कणीक कशाला, तर म्हणाली वाजवायला कुणी असेल तर लागंल की.

मंडळातले पखवाज शिकलेले कुणी आहे का इथं? खरंच विचारते.

मिरज जंक्शन

आमचा भाचा वाजवतो, शिकतोय चार वर्षं. रविवारी मोकळा आहे. मी घेऊन येतो त्याला, सकाळची गाडी आहे.

दूधकट्टा

दहा वाजता स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो मिरजकर. पखवाज सांभाळून आणा, मागच्या सीटवर जागा ठेवतो

पंचगंगाकाठ

मी पण येऊ काय हो, नुसतं ऐकायला

बावडेकरीण

या की ताई. चहा आहे सगळ्यांना.

सिंहगड रोड

ती ओवी मला ऐकायला मिळेल का कुठं? पुण्यात लागणार नाही ना रेडिओ.

टेंबलाई उतार

आजींना विचारून पाठवते, त्यांनी हो म्हटल्यावर. बुधवारी दुपारी दोनला परत लावणार आहोत, कोल्हापुरात कुणी नातेवाईक असतील तर फोन स्पीकरवर ठेवायला सांगा तोपर्यंत.