पॉपी संपली की जुलैत पडणारं भगदाड कसं भरायचं?

सरेची_चिकणमाती:
इंग्लंडमधल्या सरे परगण्यात घरामागे दक्षिणेकडे तोंड असलेली बॉर्डर, म्हणजे फुलझाडांचा लांब पट्टा आहे, ६ मीटर लांब, २ मीटर रुंद, मागे लाकडी कुंपण. एप्रिलात ट्यूलिप, मेअखेर अलियम (शोभेचा कांदा), जूनच्या सुरुवातीला ओरिएंटल पॉपी, इथवर झकास. जुलै लागला की पॉपी पिवळी पडते आणि ऐन मध्यावर ९० सेंमीचं भगदाड. ऑगस्टमध्ये मागची उंच फुलझाडं, फ्लॉक्स आणि हेलेनियम, आडवी होतात. आत्ता मेचा तिसरा आठवडा आहे. पॉपी काढून टाकायची नाहीये.

खुरपं:
फुलं गेली की पॉपी पानांसकट जमिनीलगत कापा, पिवळी व्हायची वाट बघू नका. शरदात नवी पानं येतात. मात्र त्या जागी खणू नका. मुळं जाड असतात आणि तुटलेला तुकडाही फुटतो, म्हणजे एकीच्या चार व्हायच्या. बाजूने झाकून घ्यायचं.

प्रसिद्ध इंग्लिश उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिलबाईंनी सरेतच, मन्स्टेड वुड या आपल्या बागेत, पॉपीच्या जागेवर जिप्सोफिला पसरू दिला होता, आणि तो तपकिरी पडला की त्यावर नॅस्टर्शियम. युक्ती अस्सल, पण त्यांची जमीन रेताड. तुमच्या चिकणमातीत हिवाळ्यात पाणी धरून जिप्सोफिला कुजेल. जिरेनियम ‘रोझॅन’ घ्या, पॉपीपासून ४५-५० सेंमीवर लावा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत निळी फुलं, आणि लांब फांद्या आपोआप रिकाम्या जागेत शिरतात. यंदा रोप लहान असेल, तेव्हा भगदाडात डेलियाची मोठी कुंडी सरळ मातीवर ठेवून द्या.

अर्धी_कात्री:
फ्लॉक्स-हेलेनियमसाठी ‘चेल्सी चॉप’, म्हणजे फुलण्याआधी मेअखेरची छाटणी, तीही याच आठवड्यात. प्रत्येक ठोंबाच्या फक्त पुढच्या निम्म्या काड्या एक-तृतीयांशाने कमी करा, पानाच्या अगदी वर. मागच्या काड्या वेळेवर फुलतात, पुढच्या काड्या त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, आणि बुटक्या राहून मागच्यांना टेकू देतात. आपल्याकडे शेवंतीचा शेंडा खुडतात तेच गणित. सगळाच ठोंब कापलात तर बहर जास्त दिवस टिकत नाही, नुसता उशिरा येतो.

डेल्फिनियम, पिओनी, आयरिसला हात लावू नका, यंदाची फुलं जातील. मे कोरडा असेल तर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. तहानलेलं झाड छाटलं की फुटवेच धरत नाही. आणि फुटवे आले की रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा.

मागची_रांग:
वरचं सगळं ठीक, पण ही मलमपट्टी झाली. पॉपी मधोमध आहे हाच मूळ घोळ. उंच झाडं मागे, बुटकी पुढे असं सगळे लावतात. पण जी लवकर संपतात ती मागे हवीत, उंची कितीही असो. जूनमध्ये पुढची झाडं गुडघाभरच असतात, पॉपी दिसतेच, आणि जुलैत फ्लॉक्स तिच्यापुढे उभा राहतो. अलियमचंही तसंच, फूल उमलायच्या आतच पानं वाळतात, म्हणून ते जिरेनियमच्या मागे.

सरेची_चिकणमाती:
मग पॉपी हलवायची कधी?

मागची_रांग:
ऑगस्टमध्ये, ती झोपेत असताना. फावडं खोल घाला, खड्ड्यात जाडी खडी मिसळा. जुन्या जागी राहिलेल्या मुळांतून पिल्लं येतील, ती दिसतील तशी उपटत राहा.