प्रतिसाद: डक्ट साफ करायला किती द्यावेत

बंगल्यातल्या डक्टेड एसीच्या डक्ट, म्हणजे खोलीखोलीत हवा नेणाऱ्या नळ्या, साफ करायला किती घेतात असं विचारलंय तुम्ही, न वर दोघांनी सांगितलंय की दरवर्षी कराच. ते काय पटलं नाही बघा. मी लातूरचा, आमच्याकडं एक स्प्लिट एसी न कूलर, पण ताई टेक्सासला असते अन् तिकडं घरोघरी डक्ट. मागं गेलो तवा ९९ डॉलरचं कुपन आलं, दाजींनी बोलावलं, गडी आला, जाळी काढली, मोबाईलवर काळा डाग दाखवला न म्हणला बुरशी आहे, आता हजाराच्या वर लागतील. दाजी म्हणले जाळी लाव न निघ. नंतर मी आत बोट फिरवलं तर नुसती धूळ हो, आपल्या कूलरच्या ताटीवर एका उन्हाळ्यात बसती तेवढीपण नाही.

तिकडच्या सरकारची पर्यावरण संस्था ईपीए सांगते, एका सिस्टीमला साधारण ४५० ते १००० डॉलर लागतात, न दरवर्षी करायची गरज नाही. बुरशी दिसली, उंदीर शिरले नाहीतर जाळीतून धूळ घरात उडायली तरच करा.

तुमचं घर नवीन आहे म्हणता, डक्ट बसल्यावर पीओपी न फरशी घासायचं काम झालं असलं तर मात्र एकदा करून घ्याच. रेट ठरवताना ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) न कॉइल (हवा थंड करणारा भाग) त्यात धरलंय का ते आधी विचारा, नायतर नळी झाडून जातेत न घाण तिथंच. फिल्टर काय, नळाखाली घरीच धुता येतो, जाळीचा असला तर.