‘प्रोग्नोसिस’ला घरात बोलता येईल असा शब्द?

खानापूरची लेक: मामांच्या मांडीतली गाठ सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागाचा कॅन्सर, निघाली. मोठ्या माणसांच्या कॅन्सरात हा शेकडा एकच्या आसपास, त्यातही पन्नासावर प्रकार. रिपोर्ट मामींसाठी मराठीत लिहायला बसले आणि दोनदा चुकले. ‘हाय ग्रेड’ला ‘उच्च श्रेणी’ लिहिलं, मामींचा चेहरा उजळला. मग ‘पाच वर्षांचं सर्व्हायव्हल’ला ‘पाच वर्षांचं आयुष्य’ लिहिलं. त्यांनी कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला, रात्री जेवल्या नाहीत. प्रोग्नोसिस म्हणजे आजार पुढं कसा जाईल याचा अंदाज; त्याला कोशात ‘पूर्वानुमान’ मिळालं, खरं मामी म्हणतात ते पावसाचं असतंय.

निपाणीकर: ‘श्रेणी’ काढाच. आमच्याकडे तंबाखूची वरची प्रत म्हणजे चांगला माल, इथं नेमकं उलटं. पेशी किती बिघडल्यात, किती भराभर वाढतात, गाठीतला किती भाग मेलाय, यावरून १ ते ३ आकडा देतात. ‘जहाल’ म्हणा, लगेच कळतं.

शहापूरचा वैद्य: आपल्याकडे ‘साध्यासाध्यता’ आहे की! चरकात चार पायऱ्या आहेत: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य, असाध्य. याप्य म्हणजे बरा होत नाही, पण उपचारांवर सांभाळता येतो. एवढा बारकावा सोडून उसनं कशाला घ्यायचं? सार्कोमाला जवळचं ‘मांसार्बुद’ सुश्रुतात आहे.

खानापूरची लेक: आणि सुश्रुतानं ते असाध्य म्हटलंय, काका. ते मामींना कसं वाचून दाखवू? गाठ ८ सेंमीची आहे, स्नायूत खोल आहे. ५ सेंमीच्या वरची आणि खोल, दोन्ही गोष्टी विरुद्ध जातात. खरं ती पायात आहे, पोटात मागच्या बाजूला नाही. फुप्फुसाचा सीटी स्वच्छ आलाय. भोवतीच्या चांगल्या मांसासकट पुरी निघाली तर पुष्कळ लोक बरे होतात.

चिकोडी: कन्नडात ‘मुन्नरिवु’ म्हणतात. मुन् म्हणजे पुढचं, अरिवु म्हणजे जाणणं. ग्रीकमध्येही तेच, प्रो आणि ग्नोसिस. आपला ‘ज्ञा’ त्याच कुळातला. पाच वर्षांचं मात्र शब्दात कोंबू नका, वाक्यच लिहा: ‘अशा शंभर जणांपैकी निदानानंतर पाच वर्षांनी किती हयात असतात, तो हा आकडा.’ त्यात मामा कुठं बसतील ते आकडा सांगत नाही.

टिळकवाडी: शब्दांची एवढी काळजी करता, मग ‘पण’ऐवजी ‘खरं’ कशाला? लेखनात प्रमाण मराठी हवी.

निपाणीकर: ‘मी गेलतो, खरं तो नव्हता’ असंच आजीकडून ऐकत वाढलो. बेळगावात मराठी टिकली ती याच बोलीत.

चिकोडी: आमच्या कन्नडातसुद्धा ‘खरे’ आहे. मराठीतूनच गेलंय म्हणतो मी.

शहापूरचा वैद्य: ‘खरं’ला माझी हरकत नाही. ‘मुन्नरिवु’ मराठीत आणायला आहे.

खानापूरची लेक: ‘खरं’चं मागनं बोलू. सोमवारी मामांना भरती करतोय. डॉक्टर ‘मार्जिन’ म्हणतात, गाठीभोवतीचा चांगल्या मांसाचा पट्टा. मामींना ‘बांध’ म्हणून सांगितलं तर चालेल काय?