कोऱ्या कागदावरची सही: मालिकांनी खरं दाखवायला हवं की नको?

दस्तलेखक_कराड

गेली एकोणीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेकरार. परवा सकाळी एक आजी आल्या, सोबत नात. पिशवीतून सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, धाकट्या सुनेनं माझी एका कागदावर सही घेतली. आता माझी जमीन गेली का हो?" तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या. कागद कसला म्हणून विचारलं, तर नातीनं मोबाइलवर फोटो दाखवला. रेशनकार्डाच्या केवायसीचा फॉर्म होता. मग जमीन गेली असं का वाटलं? तर रोज रात्री बघतात त्या मालिकेत घरातल्या मोठ्या बाईची सही कोऱ्या कागदावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खं कुटुंब बॅगा घेऊन रस्त्यावर.

मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. घर असो की जमीन, कुणाच्या नावावर करून द्यायची तर दस्त नोंदवावा लागतो, १९०८ चा नोंदणी कायदा आहे त्याला. मुद्रांक शुल्क भरायचं, टोकन घ्यायचं, स्वतः निबंधकांसमोर उभं राहायचं. ते विचारतात, "दस्त वाचला का? मान्य आहे का?" मग कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. दोन ओळखदार लागतात, त्यांचेही फोटो आणि अंगठे. शेतजमीन असेल तर पुढे तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, त्याची नोटीस, हरकतीला मुदत. कोऱ्या कागदावरच्या सहीनं यातलं काहीही होत नाही. आजींनी सातबारा परत घडी घालून पिशवीत ठेवला, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते.

मालिकेत चूक दाखवली याचंच मला वाईट वाटत नाही. चुकीच्या जागी भीती दाखवतात आणि खरी जागा झाकली जाते, हे मला फार लागतं. जमीन जाते ती हक्कसोडपत्रानं. वडील गेले की वर्षाच्या आत बहिणींना बोलावतात. जेवण होतं, साडी देतात. "ताई, तुझं काय अडलंय जमिनीवाचून? फक्त सही कर. माहेर तुटायला नको." कुणी भुवई उंचावत नाही, कुणी धमकी देत नाही. सगळं मायेनं होतं.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एका ताईंचा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर शेतात राबून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. ऑपरेटर म्हणाला, बोट ओल्या फडक्यानं पुसा. भावानं खिशातला रुमाल पाण्यात बुडवला, बहिणीचा अंगठा स्वतःच्या हातात धरून पुसला आणि यंत्रावर दाबला. तिसऱ्या वेळी लागला. ज्या शेतात त्या रेषा झिजल्या, त्याच शेतावरचा हक्क ती सोडत होती. याच्याइतकं नाट्य मी कुठल्याच मालिकेत पाहिलेलं नाही.

आणि हे जमत नाही असं नाही. १९८५ साली दूरदर्शनवर 'रजनी' होती. प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरसाठी आणि रोजच्या अडवणुकीसाठी भांडायच्या, आणि लोक त्यासाठी टीव्हीसमोर बसायचे. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा. विरोधी मत असेल तर जास्त आवडेल.

आईची_लेक

विरोधी मत माझं आहे. तुमचा प्रसंग वाचून गलबललं, तरी लिहिते.

माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे. सात वाजले की तिची मान टीव्हीकडे वळते. त्या दोन-तीन तासांत ती आजारी बाई नसते. कोण चुकलं, कोणाला माफ करावं, कोणाला करू नये, यावर तिचं मत असतं आणि ते ऐकून घ्यावंच लागतं. तिला नोंदणी कायदा शिकवणं हे मालिकेचं काम आहे असं मला वाटत नाही.

आपल्याकडे नाटक कधी 'जसं घडतं तसं' होतं? संगीत नाटकात नायक विरहात बुडालेला असताना पद म्हणायचा, वन्समोअर मिळाला की पुन्हा म्हणायचा. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर यायचे आणि प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकायच्या. पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं कुणालाच वाटलं नाही, कारण भाव खरा होता.

'आई कुठे काय करते'च घ्या. २०१९ ला सुरू झाली. तसा बंगला माझ्या ओळखीत कुणाचा नाही, घरात तशा साड्या कुणी नेसत नाही. पण पंचवीस वर्षं संसार केलेली बाई घटस्फोट घेऊन उभी राहते हे बघून आईनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आमच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर." एवढंच. पुढे काही बोलली नाही. ते वाक्य माझ्याकडे त्या मालिकेमुळे आलं, तिच्यातल्या खोट्या बंगल्यासकट.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत.

मालिकेत मॉनिटरवर सरळ रेषा येते, डॉक्टर शॉक देतात, पेशंट उठतो. सरळ रेषेला शॉक देतच नाहीत. हृदयाची विद्युत हालचाल पूर्ण थांबलेली असेल तर शॉकचा उपयोग नसतो. छाती दाबायची, ॲड्रेनालिन द्यायचं. शॉक असतो तो विशिष्ट प्रकारे बिघडलेल्या लयीसाठी. मोठ्या माणसाची छाती दाबायची ती किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. बरगडी मोडल्याचा आवाज येतो कधी कधी. हाताला कळतं.

मुलगा काचेपलीकडून ओरडतो, "शॉक का देत नाही? पैसे भरले नाहीत म्हणून?" हे मी ऐकलंय, एकदा नाही, अनेकदा. त्या क्षणी मी काय समजावू त्याला? माझे हात त्याच्या वडिलांच्या छातीवर असतात. अमेरिकेत १९९६ मध्ये डॉक्टरांनी तिथल्या मालिका तपासल्या होत्या. पडद्यावर असे दोन तृतीयांश पेशंट वाचून घरी जात होते. खऱ्या दवाखान्यात त्याच्या जवळपासही जात नाहीत. बापाचा जीव आम्हीच घालवला असा संशय घेऊन तो मुलगा उरलेलं आयुष्य काढतो. आईची_लेक ताई, भाव खरा असतो म्हणता, पण त्या मुलाचा रागही खराच असतो, आणि तो खोट्या दृश्यावर उभा असतो.

संवाद_लिहिणारा

दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो, म्हणून दुसरी बाजू.

अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं भरायची असतात, आठवड्यातले सहा दिवस. आज लिहिलेलं उद्या शूट होतं, कधी सकाळचा सीन दुपारी. आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की कलाकार मेकअप करत असतात आणि मी पानं पाठवत असतो. गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक रात्रीतून वळतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट, घोडबंदरचा बंगला, तीन खोल्या आणि एक जिना. बाहेर शूटिंग म्हणजे परवानगी, गर्दीचे कलाकार, आवाजाचा त्रास, आणि दिवसाचं फुटेज निम्मं.

मी खरंच एकदा निबंधक कार्यालयाचा सीन लिहिला होता. टोकनची रांग, बाकावर शेजारी बसलेले दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे. कथेवर लक्ष ठेवणाऱ्या क्रिएटिव्ह टीमचा फोन आला, "छान आहे, पण दिवाणखान्यातच घ्या. वकील घरी येऊ दे." वकील घरी आला, कागद आला, सही झाली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

पण दस्तलेखक, एक सांगू? प्रक्रिया बरोबर दाखवली म्हणून सीन खरा होत नाही. तुमच्या प्रसंगात मला धरून ठेवलं ते रुमालानं. मुद्रांक शुल्काची पावती मी विसरून गेलो. म्हणून आईची_लेक यांचं म्हणणं मला जास्त पटतं. लेखकानं रुमाल शोधावा. तो बंगल्यातही सापडतो.

दस्तलेखक_कराड

रुमाल बंगल्यात सापडणार नाही हो. यंत्र होतं म्हणून रुमाल निघाला. अंगठा लागला नाही म्हणून भावाला बहिणीचा हात धरावा लागला. प्रक्रिया काढून टाकली की तो प्रसंगच जातो, आणि उरतो एक कागद नि एक दुष्ट सून. तुमचा बाकावरचा सीन घेतला असता तर मी माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला तो बघायला सांगितला असता. मनापासून म्हणतो.

कुडाळकर

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही. २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा घरात मालवणी ऐकून आमची म्हातारी माणसं खुळावली होती. आकेरीचं घर, आजूबाजूची झाडं, पाऊस, सगळं आमचं. पण तेच घर भुताखेतांनी भरलेलं. नंतर मुंबईतले लोक विचारायचे, तुमच्याकडे खरंच असं करतात का. म्हणजे भाषा आणि अंगण जितकं खरं, तितकं त्यातलं बाकी सगळं लोकांना खरं वाटतं. खोट्या बंगल्यातलं खोटं कुणी मनावर घेत नाही. खऱ्या अंगणातलं घेतात. त्यामुळे वास्तव दाखवा म्हणणाऱ्यांनी ही जबाबदारीही लक्षात घ्यावी.

दिवाणी_वकील

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला एक जोड देतो, नाहीतर वाचणारे गाफील राहतील. कोऱ्या कागदाला घाबरू नका हे ठीक, पण नको तिथे सही करूच नका. खरी फसवणूक मी सर्वांत जास्त बघतो ती कुलमुखत्यारपत्रात. "आई, तुला कचेरीत हेलपाटे नकोत, मला अधिकार दे," म्हणून मुलगा किंवा पुतण्या लिहून घेतो आणि पुढे त्याच अधिकारानं विकून टाकतो. म्हणजे मालिकेतली भीती सगळीच निराधार नाही. चुकीच्या कागदाला लावलेली आहे.

हक्कसोडीबद्दल आणखी थोडं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली होती, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो हक्क २००५ मध्ये आला आणि लग्नाची अट गेली. २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतक्या वर्षांत घरोघरी यावरून बहीण-भावांत काय काय झालं असेल! एकाही निर्मात्याला यात वर्षभराची मालिका दिसू नये याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

आईची_लेक

काल रात्री जाहिरातींच्या वेळात आईला हा धागा वाचून दाखवला. रुमालापर्यंत आले तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. म्हणाली, परत वाच. परत वाचलं.

मग सांगितलं. आजोबा गेल्यावर मामानं तिला आणि मावशीला तालुक्याला नेलं होतं. मी तेव्हा शाळेत होते, मला वाटायचं आई चार दिवस माहेरी विश्रांतीला गेली. "यंत्र नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "शाई होती. एसटीत बसले तरी अंगठा निळाच होता. तू विचारलंस काय लागलं, मी म्हटलं पेन फुटलं."

इतकी वर्षं हे मला माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललंय असं नाही म्हणणार. जाहिराती संपल्यावर मी टीव्ही बंद करायला उठले, तर तिनं करू दिला नाही. पण मालिकेकडे तिचं लक्ष नव्हतं. चादरीवर अंगठा घासत होती.