मदत हवी आहे: रिमॅप केलेली पोलो पहिल्या रनला पळते, तिसऱ्या रनला ढेपाळते

नमस्कार मंडळी,

गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचे ११० पीएस, १७५ एनएम. स्टेज १ रिमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली) डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, १३१ पीएस दिसले. गेल्या रविवारी हिंगण्यापुढे मातीवर ऑटोक्रॉस होता (एकेक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते), तिथे पहिल्यांदाच उतरलो.

पहिला रन झकास. दुसरा दीड सेकंदाने मागे, तिसरा पार तीन. मित्र म्हणे, 'भाऊ, गाडी नाही, तूच थकला बे!' पण ओबीडीचा लॉग (गाडीच्या कॉम्प्युटरमधून घेतलेली नोंद) वेगळंच सांगून राहिला: स्टार्टला इनटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, आधी ४१, तिसऱ्या रनला ६८, आणि इग्निशन टायमिंग पाच-सहा अंश मागे (हवा गरम म्हणून इंजिन ठिणगी उशिरा टाकतं आणि ताकद घटते). मधल्या वेळात मी रांगेत एसी लावून, इंजिन चालू ठेवून बसलो होतो. (कबूल, गाढवपणा. पण ऊन नागपूरचं होतं.)

या इंजिनचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो, पाण्यावर थंड होणारा. पुढे त्याचा वेगळा छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप. म्हणजे मोठा फ्रंट-माउंट (पुढे बसणारा, हवेवर थंड होणारा इंटरकूलर) आणून ठोकला असं होत नाही. दोन रनच्या मध्ये इंजिन बंद करून तो पंप आणि फॅन वेगळ्या स्विचवर चालू ठेवायची जुगाड कोणी केली आहे का? बॅटरी किती वेळ दम धरते? की रेडिएटरवर पाणी फवारणंच पुरे?

दुसरं दुखणं क्लासचं. स्पर्धेत गाड्यांचे गट इंजिनच्या सीसीवर पाडतात, आणि टर्बो असला की सीसीला १.७ ने गुणतात. माझी ९९९ सीसी तिथे १६९८ झाली आणि मी १६०० च्या वरच्या क्लासमध्ये, मोठ्या इंजिनवाल्यांच्या तोंडी. स्टॉक ठेवली असती तरी हाच गुणाकार, त्यामुळे रिमॅप काढून क्लास बदलणार नाही हे कळतंय. पण मातीवर दुसऱ्या गिअरलाही पुढची चाकं नुसती फिरतात, तेव्हा वाढलेला टॉर्क वापरतोय तरी कुठे? ट्यूनरकडून खालच्या आरपीएमचा बूस्ट (टर्बोचा दाब) कमी केलेला दुसरा मॅप घ्यावा, की आधी टायरवर खर्च करावा? माझा कल टायरकडे आहे. घरच्यांना अजून दोन्हीचा पत्ता नाही.

पुढची फेरी मार्चमध्ये आहे, आणि मार्चात इथे सकाळी दहालाच चटका बसतो. 'टर्बो काढून टाक' सोडून काहीही सांगा. तिन्ही रनचे लॉग आहेत, कोणी पाहणार असेल तर टाकतो.