खिंडसीच्या वाटेवर गिट्टीत वळताना जड गाडी आडवी झाली: नेमके काय चुकले?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. मी चोवीस वर्षांपासून दुचाकी चालवतो आहे आणि लांबच्या प्रवासासाठी म्हणून रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअर ६५० घेतली त्याला आता वर्ष होईल. गाडीचे वजन २४१ किलो असले तरी सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवरच असल्याने माझे दोन्ही पाय पूर्ण टेकतात, आणि पाय टेकतात म्हणजे गाडी आपल्या ताब्यात आहे, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी सकाळी सौभाग्यवतींना मागे घेऊन कामठी, मनसर या मार्गाने रामटेकला गेलो. गडमंदिरात दर्शन घेऊन खिंडसी तलावाकडे निघालो असता एक फाटा चुकला. रस्ता अरुंद होता आणि डांबराच्या दोन्ही कडांना दुरुस्तीसाठी आणलेली बारीक गिट्टी पसरलेली होती. परत फिरावे म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने, हँडल उजवीकडे वळवले. पुढचे चाक गिट्टीत उतरले, समोर नाली दिसली, आणि त्या क्षणी मी पुढचा ब्रेक दाबून क्लचही पूर्ण ओढला असावा. उजवा पाय टेकवला तर तो गिट्टीवरून सरकला आणि गाडी सावकाश, पण थांबवता न येण्याइतक्या निश्चयाने, उजव्या अंगावर गेली.

सौभाग्यवतींच्या कोपराला खरचटले आणि माझा घोटा सुजला. त्यापलीकडे दुखापत झाली नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होते. शेजारच्या शेतातून दोघे जण धावत आले आणि तिघांनी मिळून गाडी उभी केली. नंतर जमिनीकडे पाहिले तेव्हा पुढच्या चाकाची खूण स्पष्ट दिसत होती: वळणाची गोल रेघ, आणि तिच्या टोकाला वीतभर आडवा घासलेला पट्टा, ज्यातली गिट्टी बाजूला लोटली जाऊन खालचा पिवळसर मुरूम उघडा पडला होता.

घरी आता गाडी विकून टाकण्याची चर्चा सुरू आहे. मला मात्र माझी चूक समजून घ्यायची आहे. अशा जागी जड गाडी कशी वळवावी, आणि मदतीला कोणी नसेल तर ती एकट्याने कशी उचलावी?

धंतोलीचा प्रवासी

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वीतभर आडव्या पट्ट्यातच आहे. चाक सरळ असताना पुढचा ब्रेक लागला तर टायर ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने रोखला जातो. हँडल वळलेले असताना मात्र त्याच टायरला गाडी वळवायचीही असते आणि थांबवायचीही असते, आणि सुट्या गिट्टीवर त्याच्याकडे या दोन्ही कामांना पुरेल एवढी पकडच नसते. चाक आडवे सरकते, वजन वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते आणि तुमचा पाय नेमका त्याच बाजूला, तशाच निसरड्या जमिनीवर असतो. हीच कृती कोरड्या डांबरावर केली तरी जड गाडी पडू शकते. गिट्टीने फक्त सावरायला वेळ दिला नाही. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचाही येथे भरवसा धरता येत नाही, कारण चालण्याच्या वेगात ती यंत्रणा जवळजवळ निष्क्रिय असते.

दुसरी गोष्ट क्लचची, आणि माझ्या मते ती ब्रेकपेक्षाही महत्त्वाची आहे. वेग असताना गाडी बऱ्याच अंशी स्वतःला सावरते. चालण्याच्या वेगात तो आधार उरत नाही आणि तेव्हा झुकलेल्या गाडीला मागच्या चाकाचा ओढा उभे धरून ठेवतो. तुम्ही क्लच पूर्ण ओढला त्या क्षणी तो ओढा तुटला. म्हणून मंद वळणात क्लच अर्धा सुटलेला, अॅक्सिलरेटर किंचित पण स्थिर, आणि वेग आवरायला उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक, अशी तिन्हींची सांगड हवी. पुढच्या ब्रेकवरून बोटे काढून मूठ पूर्ण धरावी, म्हणजे घाबरल्यावरही ती आपोआप आवळली जाणार नाहीत. नजर नालीवर अडकली की गाडीही तिकडेच ओढली जाते, त्यामुळे मान वळवून जिथून बाहेर पडायचे आहे तिथे पाहावे. गाडी आत झुकत असताना स्वतःचे अंग थोडे बाहेरच्या बाजूला ठेवावे.

ज्याने आरटीओत आठचा आकडा काढून लायसन घेतले आहे त्याला यातले बरेचसे एकदा जमलेले असते. फक्त तो आठ शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीवर काढलेला असतो आणि तिथली चूक पायाने निभावून जाते. २४१ किलोच्या गाडीत ती निभत नाही, आणि मागे माणूस बसलेला असेल तर मुळीच नाही. अशा जागी वहिनींना आधी उतरू द्यायला हवे होते, हे मी थोड्या कठोरपणे पण मनापासून सांगतो.

पाचफूटएक

धंतोलीच्या दादांचे तंत्र योग्यच आहे, पण मी एक पाऊल मागे जाईन: ती जागा वळण्याची होती का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी जुनी ४११ सीसीची हिमालयन चालवते, जिचे वजन १९९ किलो आहे. माझे जेमतेम चवडे टेकतात, त्यामुळे पायाच्या भरवशावर राहण्याची सवय मला लागलीच नाही. अनोळखी अरुंद रस्त्यावर मी सरळ पुढे जात राहते आणि एखादे आवार, पेट्रोल पंप किंवा कडक जमिनीचा चौक आला की तिथेच वळते. दोन किलोमीटर जास्त पडले तर पडले. तसे ठिकाण नसेल तर मी उतरते, इंजिन बंद करते आणि गाडी माझ्या अंगाकडे किंचित कललेली ठेवून मागेपुढे ढकलत फिरवते. उतार असेल तर तेही करत नाही.

आता उचलण्याविषयी. तुमची गाडी उजव्या अंगावर पडली, म्हणजे साइड स्टँडची बाजू वर होती. आधी चावी फिरवून बंद करावी, मग साइड स्टँड उघडून ठेवावे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी, म्हणजे उचलताना ती घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबर टेकवून खाली बसावे. एका हाताने जमिनीकडच्या हँडलची मूठ धरावी, दुसऱ्या हाताने सीटखालचा दांडा किंवा चौकटीचा भक्कम भाग धरावा, पाठ ताठ ठेवावी आणि लहान लहान पावले मागे टाकत मांड्यांच्या जोरावर गाडी वर ढकलावी. हाताने ओढायला गेलात तर कंबर धरते. बुटाखालची सुटी गिट्टी आधी पायाने बाजूला सारायला विसरू नका, नाहीतर अर्ध्यावर पाय घसरतो. माझा घसरला आहे. गाडी डाव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड खाली दबलेले असते, म्हणून उभी होत आली की जोर आवरावा लागतो, नाहीतर ती पलीकडे जाते.

घोट्यापर्यंत येणारे कडक बूट वापरता का? सूज उतरली नसेल तर एक्स-रे काढून घ्या.

पाना-पकड

मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. गाडी आडवी झाल्यावर लगेच स्टार्टर मारत राहू नये. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांमध्ये गाडी कलंडल्याचे ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो आणि चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही. लोकांना वाटते बिघाड झाला. आधी पेट्रोलचा वास जाऊ द्यावा आणि गाडी काही मिनिटे सरळ उभी ठेवावी. सुरू केल्यावर थोडा धूर आला तर बहुधा ते इकडेतिकडे गेलेले ऑइल जळत असते. तो थांबला नाही तर इंजिन बंद करून ऑइलची पातळी पाहावी.

उजव्या बाजूला पडलेल्या गाडीत मी प्रथम पुढच्या ब्रेकची लिव्हर, तिच्यावरची ब्रेक ऑइलची डबी आणि मागच्या ब्रेकचे पेडल पाहतो. पेडल आत वाकून इंजिनाला टेकले असेल तर ब्रेक लागतच नाही, आणि हे चालवायला घेतल्यावर कळणे धोक्याचे आहे. मग पुढचे चाक सरळ धरून हँडल तिरके दिसते का ते पाहावे. तिरके असेल तर पुढचे फॉर्क, म्हणजे चाक धरणारे दोन दांडे, क्लॅम्पमध्ये किंचित फिरलेले असू शकतात. बोल्ट सैल करून ते सरळ करता येतात. लिव्हरचा क्लॅम्प मात्र घट्ट पिळून ठेवू नका. आपटल्यावर तो जागच्या जागी थोडा फिरला तर लिव्हर वाचते.

मनीषनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. मागच्या ब्रेकचे पेडल खरोखरच बोटभर आत वाकलेले होते आणि मी तसाच जवळपास पन्नास किलोमीटर परत आलो, हे आता लिहितानाही अस्वस्थ करते. ते सरळ करून घेतले आहे.

पाय बरा झाल्यावर, ऊन चढण्याआधी, वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानात चार दिवस सराव केला. पहिले दोन दिवस कडक जमिनीवर, क्लच अर्धा आणि मागचा ब्रेक हलका दाबून, पायडीवरचे पाय न काढता आठचा आकडा काढला. तिसऱ्या दिवशी कडेला पडलेल्या मुरमावर तेच केले. चाक सरकल्यासारखे वाटले की उजव्या हाताची बोटे अजूनही ब्रेककडे धावतात. तो आवेग चौथ्या दिवशी कमी झाला, गेला मात्र नाही. मान वळवून मागे पाहिले की गाडी इतक्या लहान जागेत फिरते हे मला माहीतच नव्हते.

पाचफूटएक ताई, एक विचारायचे राहिले. वहिनी म्हणून ज्यांचा उल्लेख झाला त्या हे सर्व वाचून म्हणाल्या की पुढच्या वेळी वळण्याआधी मी उतरेन, पण उतरल्यावर नेमके कुठे उभे राहायचे, वळणाच्या आत की बाहेर?

पाचफूटएक

बाहेर, आणि गाडीच्या मागे दहा-बारा पावलांवर. गाडी आतल्या बाजूला पडते, म्हणून आत कधीच नाही. त्या मागे उभ्या असल्या की रस्त्यावर येणारे वाहन त्यांना तुमच्या आधी दिसेल आणि त्या हात करून थांबवू शकतील. हेल्मेट काढू नका म्हणावे.