मदत हवी आहे : बगॅसपासून एरोजेल, वाळवताना आकसतंय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बगॅसमधल्या (उसाच्या चिपाडातल्या) सेल्युलोजचं एरोजेल, म्हणजे जेलमधला द्रव काढून उरणारा अतिहलका, सच्छिद्र घन पदार्थ, करतोय. जेलपर्यंत सगळं झकास, घोडं पेंड खातं ते वाळवताना.

बगॅस कॉस्टिक सोड्यात उकळून लिग्निन काढतो, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करतो. मग ७ टक्के कॉस्टिक आणि १२ टक्के युरियाचं द्रावण उणे १२ अंशांपर्यंत गार करून त्यात ४ टक्के सेल्युलोज जोरात ढवळून विरघळवतो. (खताचा युरिया कडुनिंब लावलेला येतो, म्हणून प्रयोगशाळेतलाच घेतलाय.) साचा अल्कोहोलमध्ये बुडवला की जेल घट्ट होतं. ते पाण्याने धुऊन साध्या फ्रीजरमध्ये गोठवतो आणि फार्मसी विभागाच्या लायोफिलायझरमध्ये (निर्वातात बर्फाची थेट वाफ करणारं यंत्र) वाळवतो.

४ टक्क्यांचं जेल आकसलंच नाही तर घनता ०.०४ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या आसपास यायला हवी. माझी ०.०६ भरते. सेल्युलोजची घनता १.५ धरली तर सच्छिद्रता तरीही ९६ टक्के निघते, अहवालात शोभून दिसेल. पण ब्लेडने काप घेतला की पितळ उघडं पडतं : कडेला खारीसारखे पापुद्रे, मधे बऱ्यापैकी स्पंज, तळाला कडक, अर्धपारदर्शक चकती.

सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने वाळवणं (३१ अंश, ७४ बारच्या वर त्यात द्रव-वायू असा भेद उरत नाही, म्हणून पृष्ठताणही नाही) आमच्या आवाक्यात नाही. त्याशिवाय छिद्रं बारीक आणि सारखी कशी करता येतील? आणि ही चकती कशामुळे?

प्रतिसाद १

पापुद्रे बर्फाचे आहेत. फ्रीजरमध्ये गोठणं सावकाश होतं, बर्फाचे स्फटिक मोठे वाढतात आणि तंतूंना बाजूला रेटून दाबतात. बर्फ उडून गेला की त्याचाच ठसा उरतो. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलंत तर स्फटिक बारीक होतील. कॉलेजात नसेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात चौकशी करा, वीर्यकांड्या त्यातच ठेवतात. फक्त मोठा तुकडा तडकतो, पातळ चकत्या घ्या.

माझं मत विचाराल तर त्याहून सोपं म्हणजे टर्शरी ब्युटेनॉल. जेलमधलं पाणी टप्प्याटप्प्याने बदलून ते भरा. ते २५ अंशांच्या आसपासच गोठतं, स्फटिक जेलला कमी फाडतात, शिवाय वाळतंही लवकर. मात्र लायोफिलायझर सांभाळणाऱ्यांना आधी विचारा, पंपाचं तेल खराब होऊ शकतं. नुसतं हवेवर वाळवायच्या फंदात पडू नका. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, तो छिद्रांच्या भिंती एकमेकींना चिकटवतो आणि त्या पुन्हा सुटत नाहीत.

प्रतिसाद २

चकतीबद्दल : जेलमध्ये कॉस्टिक-युरिया राहिलेला असावा. क्षारांचं पाणी उणे तापमानातही पूर्ण गोठत नाही. निर्वात सुरू झालं की तो ओला भाग बर्फासारखा उडत नाही, जागेवरच आटतो आणि जेल बसतं. धुण्याच्या पाण्याचा नुसता पीएच बघू नका, युरिया त्यात दिसत नाही. कॉस्टिकसाठी वाहकता मोजा. युरियावर वाहकताही फसते, म्हणून ती उतरल्यावरही डिस्टिल्ड पाणी आणखी काही वेळा बदला, दर वेळी रात्रभर ठेवून.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आधी वाहकता मोजतो, मग ब्युटेनॉल. एक शंका : पाण्यातून थेट ब्युटेनॉलमध्ये जाऊ की मधे इथेनॉल घेऊ?

प्रतिसाद १

थेट चालतं, दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात. फक्त खोली गार असेल तर शुद्ध ब्युटेनॉल बाटलीतच गोठलेलं मिळेल, कोमट पाण्यात ठेवून मग ओता.